एकाच वर्गात कुणाला इंग्रजी येतं, कुणाला नाही: नव्या शिक्षकांसाठी मार्गदर्शक

वर्ग इंग्रजी माध्यमाचा आहे. काही मुलं इंग्रजीत सहज बोलतात, भांडतात, विनोद करतात आणि त्यांच्याच शेजारी बसलेली काही मुलं इंग्रजी अजून शिकताहेत. अशा वर्गावर पहिल्यांदा गेलं की शिक्षकाची ओढाताण होते. धडा सोपा करावा तर एक गट कंटाळतो, आहे तसा शिकवावा तर दुसरा मागे राहतो. मी विज्ञान आणि गणित शिकवते. अशा वर्गांवर काम करताना जे खरोखर उपयोगी पडलं ते इथे क्रमाने लिहिते आहे. हे विषयशिक्षकाच्या बाजूने लिहिलेलं आहे. ज्यांचा तास इंग्रजीचा नाही, तरीही ज्यांच्या तासाला रोज इंग्रजीच आडवी येते, त्यांच्यासाठी.

पुढचं सगळं एका गोष्टीवर उभं आहे, ती आधी सांगते. या मुलांसाठी भाषेचं ओझं कमी करायचं असतं, विचाराचं काम मात्र तेवढंच ठेवायचं असतं. दहा वर्षांच्या मुलाला पहिलीची चित्रं रंगवायला दिली की त्याचा तास शांततेत जातो, पण त्या दिवशी ते मूल विज्ञान शिकत नाही.

१. मूल वर्गात येण्याआधी एवढं जमवा

- घरी कोणत्या भाषा बोलल्या जातात. एकापेक्षा जास्त असतील तर सगळ्यांची नोंद करा.
- आधीचं शिक्षण कोणत्या भाषेत झालं आणि मध्ये शाळेत खंड पडला होता का.
- आधीच्या शाळेचं प्रगतिपत्रक आणि मिळाल्या तर वह्या. प्रगतिपत्रकापेक्षा वह्या जास्त सांगतात.
- मुलाने त्याच्या भाषेत लिहिलेला एखादा परिच्छेद.
- डोळे आणि कान तपासल्याची नोंद.
- नावाचा बरोबर उच्चार. पालकांकडून दोनदा म्हणून घ्या आणि स्वतःच्या लिपीत लिहून ठेवा. सोयीसाठी नाव छोटं किंवा इंग्रजाळलेलं करू नका.

यातला मातृभाषेतला परिच्छेद बहुतेक जण मागतच नाहीत. ती भाषा तुम्हाला वाचता येत नसली तरी मागा. ओळी सरळ आहेत का, वाक्यं किती लांब आहेत, लिहायला किती वेळ लागला, हे कुणालाही दिसतं. ज्या मुलाला स्वतःच्या भाषेत वाचता-लिहिता येतं त्याला शीर्षक म्हणजे काय, परिच्छेद का बदलतो, प्रश्नाचं उत्तर मजकुरात कसं शोधायचं, हे आधीच ठाऊक असतं. त्याला फक्त नवी भाषा हवी असते. ज्याला कोणत्याच भाषेत वाचता येत नाही त्याला वाचायला शिकवणं आणि इंग्रजी शिकवणं अशी दोन कामं आहेत, आणि या दोघांना एकाच गटात बसवलं तर दोघांचंही नुकसान होतं.

२. पहिल्या आठवड्यात ऐकणं, बोलणं, वाचणं, लिहिणं वेगवेगळं बघा

‘याचं इंग्रजी ठीक आहे’ असं एका वाक्यात लिहू नका. समजून घेण्यात पुढे आणि लिहिण्यात खूप मागे, अशी मुलं नेहमीच असतात. भाषेच्या पातळ्यांची ए१ (अगदी सुरुवात) पासून सी२ (उत्तम प्रभुत्व) पर्यंतची युरोपीय चौकट (सीईएफआर) २००१ मध्ये प्रसिद्ध झाली आणि ती आता जगभर वापरतात. शाळेत दुसरी पद्धत नसेल तर तीच घ्या, फक्त चारही कौशल्यांना स्वतंत्र पातळी द्या.

इथे सगळ्यात मोठा सापळा आहे तो मैदानावरच्या इंग्रजीचा. सुट्टीत मूल धडाधड बोलतं, म्हणून आपण समजतो की वर्गातही त्याला सगळं कळत असणार. मग चाचणीत ते मागे पडलं की ‘अभ्यास करत नाही’ असा शेरा जातो. जिम कमिन्स या कॅनडातल्या अभ्यासकाने १९७९ मध्येच हा फरक मांडला होता: गप्पांची भाषा वेगळी, अभ्यासाची वेगळी. गप्पांची भाषा साधारण दोन वर्षांत येते. अभ्यासाच्या भाषेत बरोबरीच्या मुलांपर्यंत पोहोचायला पाच ते सात वर्षं लागतात. गप्पा मारताना समोरच्याचा चेहरा, हातवारे, समोरची वस्तू यांची मदत असते. पाठ्यपुस्तकातल्या परिच्छेदात यातलं काहीच नसतं. म्हणून तिसऱ्या वर्षीही मुलाला आधार लागत असेल तर त्यात काही बिघडलेलं नाही, हे पालकांना आणि मुख्याध्यापकांना आकड्यांसकट सांगा.

३. गप्प असलेल्या मुलाला बोलतं करण्याची घाई करू नका

नव्या भाषेत आलेली बरीच मुलं आधी काही आठवडे, कधी काही महिने, बोलतच नाहीत. या काळात ती ऐकत असतात, जुळवत असतात. तुम्ही दोनच गोष्टी करायच्या: उभं करून उत्तर मागायचं नाही, आणि उत्तरातून वगळायचंही नाही. न बोलता उत्तर देता येईल असे प्रश्न विचारा. चित्रावर बोट ठेव. दोन कार्डांपैकी बरोबर असेल ते वर कर. पाटीवर काढून दाखव. ‘पुट द रेड ब्लॉक ऑन द बुक’ असं म्हणून तशी कृती करायला सांगा. सूचना ऐकून अंगाने प्रतिसाद द्यायची ही पद्धत जेम्स ॲशर यांनी १९६० च्या दशकात विकसित केली आणि सुरुवातीच्या मुलांसाठी तिच्यासारखं सोपं साधन नाही.

मूल घरी, स्वतःच्या भाषेतही बोलत नसेल तर तो विषय वेगळा आहे. पालकांना हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारा.

४. धडा घेण्याआधी त्यातली भाषा वेगळी काढा

माझ्या मते सगळ्यात जास्त फळ इथे मिळतं आणि सगळ्यात कमी वेळ इथेच दिला जातो. धडा हातात घ्या, पेन्सिल घ्या आणि तीन प्रकारचे शब्द खुणावत जा.

पहिला प्रकार विषयाचे शब्द: इव्हॅपोरेशन, डिनॉमिनेटर, फोटोसिंथेसिस. हे आपण शिकवतोच, ते इंग्रजी येणाऱ्या मुलांनाही नवे असतात.

दुसरा प्रकार सगळ्या विषयांत फिरणारे शब्द: कम्पेअर, डिस्क्राइब, देअरफोर, हाउएव्हर, इन्क्रीज, अकॉर्डिंग टू. हे कुणीच शिकवत नाही. विज्ञानाच्या शिक्षकाला वाटतं इंग्रजीच्या तासाला झाले असतील, इंग्रजीच्या शिक्षकाला वाटतं हे सोपे आहेत. प्रश्नपत्रिका मात्र याच शब्दांनी भरलेली असते. ‘डिस्क्राइब’ आणि ‘एक्स्प्लेन’ यांत काय फरक आहे हे कळलं नाही तर येत असलेलं उत्तरही चुकतं. एका धड्याला असे पाच-सहा शब्दच निवडा. प्रत्येक शब्द ऐकवा, म्हणून घ्या, चित्र किंवा उदाहरण द्या, आणि त्याच तासात मुलाला एकदा तरी वापरायला लावा.

तिसरा प्रकार दोन अर्थांचे शब्द. टेबल, व्हॉल्यूम, मीन, ऑड, पॉवर, सोल्यूशन. मुलाला यातला रोजचा अर्थ माहीत असतो, म्हणून ते विचारत नाही, आणि तुम्हालाही शंका येत नाही.

गणितात तर शब्दांपेक्षा वाक्याची रचना अडवते. ‘फाइव्ह लेस दॅन ट्वेल्व्ह’ म्हणजे १२ – ५. पण जे मूल शब्दामागून शब्द घेतं ते ५ – १२ लिहितं. आपण मराठीत ‘१२ पेक्षा ५ ने कमी’ म्हणतो, तिथे १२ आधीच पुढे असतो, म्हणून मराठी मुलाला हेच वाक्य मराठीत सांगायला लावलं की क्रम आपोआप सुधारतो. ‘ॲट लीस्ट फाइव्ह’ हा दुसरा त्रासदायक प्रयोग: ‘लीस्ट’ ऐकून मूल पाचाहून लहान संख्या शोधायला लागतं.

आणि कृपा करून ‘मोअर दिसलं की बेरीज करा’ असली युक्ती शिकवू नका. हे उदाहरण बघा: ‘रीना हॅज ८ पेन्सिल्स. शी हॅज ३ मोअर दॅन समीर. हाऊ मेनी पेन्सिल्स डज समीर हॅव?’ वाक्यात ‘मोअर’ आहे आणि करायची आहे वजाबाकी. युक्तीवर चालणारं मूल ११ लिहितं. त्याऐवजी दोन पट्ट्या काढायला लावा, एक रीनाची, एक समीरची, कोणाची लांब आहे ते आधी ठरवू दे. पट्ट्या काढल्या की भाषा आणि गणित दोन्ही एकाच वेळी डोळ्यांसमोर येतात.

५. वर्गात तुमचं बोलणं कसं असावं

सावकाश बोला, आवाज मात्र चढवू नका. वाक्यांच्या मध्ये थांबा. सूचना एका वेळी एकच द्या आणि ती फळ्यावरही लिहा. एकाच गोष्टीला तासाभरात तीन नावं देऊ नका. ‘ॲन्सर’ म्हणायचं ठरवलं तर ‘रिझल्ट’ आणि ‘सोल्यूशन’ उद्यावर ठेवा. ‘इट्स अ पीस ऑफ केक’सारखे वाक्प्रचार सुरुवातीला टाळा, किंवा म्हटले तर लगेच उलगडून सांगा.

प्रश्न विचारल्यावर थांबायची सवय मुद्दाम लावून घ्यावी लागते. मेरी बड रो यांनी १९७० च्या आसपास वर्गांमधलं बोलणं टिपलं तेव्हा दिसलं की शिक्षक प्रश्नानंतर जेमतेम एक सेकंद थांबतात. तीन सेकंद किंवा त्याहून जास्त थांबलं की उत्तरं लांब होतात आणि एरवी गप्प असणारी मुलंही बोलू लागतात. इंग्रजी शिकणारं मूल प्रश्न ऐकतं, स्वतःच्या भाषेत आणतं, उत्तर जुळवतं आणि ते परत इंग्रजीत नेतं. एका सेकंदात हे होणं शक्यच नाही. मी मनात पाच आकडे मोजते आणि तेवढ्यात वर आलेल्या हातांकडे बघत नाही.

‘समजलं का?’ हा प्रश्न सोडूनच द्या. त्याला प्रत्येक मूल ‘यस’ म्हणतं. ‘आता आधी काय करायचं, दाखव’ असं म्हणा. हातात वही घेऊन ते पान उघडतं की शेजाऱ्याकडे बघतं, त्यावरून लगेच कळतं.

६. वाक्याची सुरुवात हातात द्या

एक प्रयोग घेऊ. दोन बशांत सारखंच पाणी, एक उन्हात, एक सावलीत. दुसऱ्या दिवशी उन्हातली बशी कोरडी. प्रश्न सगळ्यांना एकच: असं का झालं? उत्तराचा आधार मात्र तीन प्रकारचा.

अगदी नव्या मुलाला नावं घातलेली आकृती आणि शब्दपट्टी द्या: सन, हीट, वॉटर, एअर. ते बाण काढेल, शब्द जागेवर लावेल आणि ‘द वॉटर ___’ एवढं वाक्य पुरं करेल. मधल्या मुलाला ‘द वॉटर इन डिश ए ___ बिकॉज ___’ द्या. पुढच्याला ‘कम्पेअर्ड टू डिश बी, ___. देअरफोर, ___’. तिघांनाही कारण सांगायचं आहे. त्यातून कुणीही सुटत नाही.

अशा तासाला एखादं मूल ‘सन मोअर, वॉटर फिनिश’ म्हणतं. हे उत्तर बरोबर आहे. ऊन आणि पाणी यांचा संबंध त्याने स्वतः जोडला आहे. तुम्ही म्हणा: ‘यस! देअर वॉज मोअर सन, सो द वॉटर ड्राइड फास्टर.’ चूक दाखवली नाही, थांबवलं नाही, पण बरोबर वाक्य त्याच्या कानावर पडलं. मग ते फळ्यावर लिहा आणि सगळ्या वर्गाकडून म्हणून घ्या, फक्त त्याच्याकडून नाही.

वाक्यारंभाच्या या पट्ट्यांचा फायदा इंग्रजी येणाऱ्या मुलांनाही होतो. बोलताना तरबेज असलेली कितीतरी मुलं लिहिताना ‘बिकॉज’च्या पुढे जात नाहीत.

७. वाचनासाठी मजकूर निवडताना

कुणाच्या मदतीशिवाय वाचून समजायला मजकुरातले साधारण ९८ टक्के शब्द ओळखीचे असावे लागतात, म्हणजे पन्नास शब्दांत एखादाच नवा. पाठ्यपुस्तकाचं पान या कसोटीला बहुधा उतरत नाही. म्हणून ते पान एकट्याने वाचायला देऊ नका, आधी चित्रं, शीर्षकं आणि निवडलेले शब्द यांवर बोलून घ्या. स्वतंत्र वाचनासाठी वेगळी, सोपी पुस्तकं ठेवा, फक्त ती वयाला शोभणारी असू द्या.

एकामागून एक मुलाला उभं करून मोठ्याने वाचायला लावणं बंद करा. आपली पाळी कधी येणार हे मोजत बसलेलं मूल आधीच्या कुणाचंच ऐकत नाही.

८. जोड्या आणि गट

‘आधी एकट्याने विचार कर, मग जोडीदाराला सांग, मग वर्गाला’ ही पद्धत फ्रँक लायमन यांनी १९८१ मध्ये मांडली. या मुलांसाठी ती वरदान आहे, कारण सगळ्यांसमोर बोलण्याआधी वाक्य एकदा म्हणून बघायला मिळतं. विचार करायच्या टप्प्यावर समान भाषेची जोडी चालेल, बोलायच्या टप्प्यावर मिश्र जोडी ठेवा. गटात प्रत्येकाकडे असा एक तुकडा द्या जो दुसऱ्या कुणाकडेच नाही. एलियट ॲरन्सन यांनी १९७१ मध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिनला सुरू केलेली जिगसॉ पद्धत याच तत्त्वावर आहे. तुकडा फक्त त्याच्याकडे असला की बाकीच्यांना त्याचं ऐकून घ्यावंच लागतं.

दुभाष्या मुलाच्या सापळ्यापासून जपा. दोन्ही भाषा येणारी एखादी मुलगी सापडली की शिक्षक तिला नव्या मुलाशेजारी बसवतात आणि वर्षभर ती भाषांतरच करत राहते. तिचा स्वतःचा अभ्यास बुडतो, आणि नवं मूल इंग्रजी ऐकायचंच सोडून देतं, कारण थोड्या वेळात भाषांतर येणार हे त्याला माहीत असतं. अडीअडचणीला, आळीपाळीने आणि तिला विचारून, एवढंच.

९. मातृभाषा वर्गात येऊ द्या

‘इंग्लिश ओन्ली’ची पाटी आणि दंड यांनी इंग्रजी सुधारत नाही, मुलं बोलायचीच थांबतात. एका भाषेत ऐकून-वाचून दुसऱ्या भाषेत मांडायचं, हा अभ्यासाचा जुना आणि चांगला मार्ग आहे. वेल्समध्ये केन विल्यम्स यांनी १९९० च्या दशकात इंग्रजी आणि वेल्श एकाच तासात अशी योजनापूर्वक वापरण्याबद्दल लिहिलं. तुम्ही साधं करा: टाचण मातृभाषेत काढू द्या, उत्तर इंग्रजीत मागा. शब्दांच्या वहीत तिसरा रकाना मातृभाषेचा ठेवा.

पालकांना ‘घरी इंग्रजीत बोला’ असं सांगू नका. ज्यांना स्वतःला इंग्रजी अवघड जातं ते मग मुलाशी कमी आणि तुटक बोलतात. त्यांना सांगा की स्वतःच्या भाषेत भरपूर बोला, गोष्टी सांगा, आज शाळेत काय झालं ते कारणांसकट विचारा. घरात कारणं द्यायला शिकलेलं मूल ती कारणं पुढे इंग्रजीतही देतं.

१०. चुका तपासताना

सगळी वही लाल करू नका. एका लिखाणात एकच प्रकार निवडा, उदाहरणार्थ या वेळी फक्त भूतकाळ. मुलाची भाषा थोडी माहीत असेल तर चुका आपोआप समजतात. मराठी मुलं ‘अ’ आणि ‘द’ गाळतात कारण आपल्याकडे तसलं काही नाहीच. व्ही आणि डब्ल्यू दोन्हींचा ‘व’ करतात. ‘आय ॲम नोइंग’, ‘डिस्कस अबाउट’ हे मराठी-हिंदीच्या वळणाने येतं. चिनी भाषेत काळाप्रमाणे क्रियापद बदलत नाही, म्हणून चिनी मूल ‘यस्टरडे आय गो’ लिहितं. अरबी मुलाला ‘प’ उच्चारायला अवघड जातो आणि लिहिताना हाताची दिशाच उलटी करावी लागते, त्याला जास्तीचा वेळ द्या. या निष्काळजीपणाच्या चुका नाहीत, आणि त्यांवर ‘नीट लक्ष दे’ असा शेरा लिहून काही होत नाही.

११. गुण देताना दोन रकाने

एक विषयाचा, एक भाषेचा. बाष्पीभवनाचं कारण बरोबर असेल तर विषयाचे पूर्ण गुण, वाक्य मोडकं असलं तरी. जास्त वेळ, द्विभाषिक शब्दकोश, आकृतीने दिलेलं उत्तर, तोंडी उत्तर, प्रश्न मोठ्याने वाचून दाखवणं, हे सगळं द्यायला हरकत नाही. प्रश्न मात्र बदलू नका. आणि ज्या सवलती परीक्षेत देणार आहात त्या रोजच्या तासाला आधीपासून द्या. परीक्षेच्या दिवशी पहिल्यांदा हातात आलेला शब्दकोश मुलाचा वेळच खातो.

१२. हाताशी ठेवायचं सामान

छोट्या पाट्या आणि खडू किंवा पेन, चित्रकोश, मुलांच्या भाषांतले द्विभाषिक शब्दकोश, वाक्यारंभाच्या पट्ट्या, शब्द लावायची एक भिंत (आठवड्याला बदलणारी), वस्तूंवर चिकटवायच्या नावाच्या चिठ्ठ्या, मुलाचं वाचन ध्वनिमुद्रित करायला फोन, आणि प्रत्येक मुलासाठी दोन पानं असलेली एक निरीक्षणवही. भाषांतराचं ॲप पालकांना निरोप द्यायला ठीक आहे. धड्यासाठी वापरलं तर विषयाचे शब्द एकदा जाणकाराकडून तपासून घ्या, ‘टेबल’चं मेज आणि ‘मीन’चं दुष्ट झालेलं असू शकतं.

१३. आधार कधी काढायचा, शंका कधी घ्यायची

मूल पट्टी न बघता ‘बिकॉज’चं वाक्य करू लागलं की ती पट्टी काढा आणि वरची द्या. वर्षभर तीच पट्टी राहिली तर मूल तेवढंच लिहीत राहतं. महिन्यातून एकदा त्याचं दोन मिनिटांचं वाचन ध्वनिमुद्रित करा आणि आधीच्याशेजारी ठेवून ऐका, मुलालाही ऐकवा.

सगळा आधार नीट मिळूनही महिनोन्महिने काहीच हलत नसेल, तर आधी कान आणि डोळे पुन्हा तपासून घ्या. मग पालकांना विचारा की मातृभाषेतही वाचताना अक्षरं विसरतो का, गोष्ट क्रमाने सांगता येत नाही का. फक्त इंग्रजीत अडचण असेल तर ती बहुधा भाषा शिकण्याची आहे आणि वेळ मागते आहे. दोन्ही भाषांत तीच अडचण असेल तर तज्ज्ञांकडे पाठवा, शक्यतो तपासणी मुलाच्या भाषेत करू शकणाऱ्यांकडे. पाठवताना निरीक्षणवही, दोन्ही भाषांतलं लिखाण आणि ध्वनिमुद्रणं सोबत द्या.